घरातले फायर स्प्रिंकलर: गोव्यात डिझाइन आणि फिटिंग शिकू पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

प्लंबर, आयटीआयची मुले, आखातातून परतलेले फिटर, तरुण सिव्हिल इंजिनिअर आणि अधूनमधून एखादा चिकित्सक घरमालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. पाण्याच्या हिशेबाचा प्रश्न मात्र कोणी गाळू नये.

हॉटेलात आणि कारखान्यात स्प्रिंकलरचे काम केले आहे. घराचे वेगळे शिकावे लागते का?

लागते. पाईपला आटे पाडणारा हात तोच राहतो, पण हिशेब बदलतो.

गोदामातला स्प्रिंकलर माल आणि इमारत वाचवण्यासाठी असतो. घरातला स्प्रिंकलर माणसाला जिवंत बाहेर पडता यावे म्हणून असतो. सोफ्याने किंवा गादीने पेट घेतला की छताखाली तापलेला धूर साठत जातो आणि एका क्षणी अख्खी खोली एकदम भडकते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर त्या खोलीत कोणी वाचत नाही. घरगुती हेडचे, म्हणजे छतात किंवा भिंतीत बसणाऱ्या स्प्रिंकलरच्या तोंडाचे, काम म्हणजे तो क्षण येऊ न देणे. आग पूर्ण विझली तर उत्तमच.

म्हणून हे हेड वेगळे बनवलेले असते. तापल्यावर फुटून पाणी सोडणारी त्याची काचेची नळी बारीक, साधारण ३ मिलिमीटरची असते. जुन्या पद्धतीच्या हेडची नळी ५ मिलिमीटरची, ती तापायला वेळ घेते. दुसरा फरक पाण्याच्या फवाऱ्यात आहे. घरात सोफा, कपाट, पडदे सगळे भिंतीला लागून असते, त्यामुळे घरगुती हेड पाणी भिंतीवर उंचावरही मारते. ही चाचणी यूएल १६२६ या मानकाखाली होते. खोक्यावर ‘रेसिडेन्शियल’ लिहिलेले नसेल, तर ते हेड घरगुती हिशेबात धरू नका.

आता आकडे बघा. एनएफपीए १३ या अमेरिकी मानकाप्रमाणे ‘लाइट हॅझर्ड’ म्हणजे कमी धोक्याच्या जागेसाठी १३९ चौरस मीटरवर, दर चौरस मीटरला मिनिटाला ४.१ लिटर पाणी धरतात. म्हणजे मिनिटाला ५७० लिटर, तेही अर्धा तास. नुसत्या स्प्रिंकलरसाठी सतरा हजार लिटर झाले, होजचे पाणी वेगळे. उलट एक-दोन कुटुंबांच्या घरासाठी असलेल्या १३डी मध्ये जास्तीत जास्त दोन हेड, चौरस मीटरला सुमारे २ लिटर आणि दहा मिनिटे एवढाच हिशेब आहे. आग लहान असतानाच हेड उघडते, हे गृहीत धरून हे पाणी कमी केलेले आहे. हेड चुकीचे किंवा चुकीच्या जागी असेल तर ते गृहीतकच कोसळते. हॉटेलच्या कामात भरपूर पाणी असते, तिथे थोडी ढिलाई खपून जाते. घराच्या कामात ती सोय नाही.

मग कोणते मानक शिकायचे? भारतीय की अमेरिकी?

दोन्ही. भारतात राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा भाग ४ आग आणि जीवितसुरक्षेचा आहे, आणि स्प्रिंकलरची रचना व उभारणी यासाठी आयएस १५१०५ आहे. इमारतीची उंची, वापर आणि क्षेत्रफळ पाहून स्प्रिंकलर लागतो की नाही हे संहितेच्या तक्त्यावरून ठरते. कोणत्याही प्रशिक्षणात तो तक्ता वाचायला शिकवलाच पाहिजे. स्वतंत्र घराचा बारकाईने विचार मात्र एनएफपीए १३डी मध्ये सापडतो. त्याची पहिली आवृत्ती १९७५ ची. चार मजल्यांपर्यंतच्या निवासी इमारतींसाठीचे १३आर १९८९ मध्ये आले. ब्रिटनमध्ये बीएस ९२५१ चालते.

एक पथ्य पाळा: एका कामाला एकच मानक. हेडमधले अंतर एका पुस्तकातून, पाण्याचा वेळ दुसऱ्यातून आणि पंपाचा आकार दुकानदाराकडून, अशी भेळ करू नका.

गोव्यात घरात स्प्रिंकलर सक्तीचे आहेत का?

साध्या बंगल्याला किंवा एक-दोन कुटुंबांच्या घराला नाहीत. उंच इमारती, तळघरातले पार्किंग, हॉटेले यांचा मामला वेगळा. तिथे गोव्याच्या २०१० च्या भूविकास व इमारत बांधकाम विनियमांबरोबर संहिता पाहावी लागते आणि अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालयाचा ना हरकत दाखला लागतो. संचालनालयाचे मुख्यालय पणजीत सांतिनेजला आहे. शंका असेल तर आराखडा घेऊन तिथे विचारून यावे, ऐकीव माहितीवर गिऱ्हाइकाला शब्द देऊ नये.

सक्ती नाही, तर शिकून काम कुठून मिळणार?

रोखठोक उत्तर असे, की निव्वळ घरगुती स्प्रिंकलरवर आज गोव्यात वर्षभर पोट भरेल असे समजू नका. फ्लॅट, हॉटेल, इस्पितळ यांची कामे करता करता घरांची कामे मिळवायची. ती तीन दिशांनी येतात. आसगाव, शिवोली, हळदोणे पट्ट्यात परदेशात राहून आलेले लोक व्हिला बांधतात. त्यांनी बाहेर स्प्रिंकलर पाहिलेले असतात, ते आपणहून मागतात. दुसरे म्हणजे घराचा काही भाग पाहुण्यांना भाड्याने देणारे. आणि तिसरे, माझ्या मते सर्वांत गरजू: मुले दुबईत, लंडनला किंवा बोटीवर, आणि गावच्या मोठ्या घरात ऐंशीच्या घरातले आई-वडील दोघेच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री अलार्म वाजल्यावर धावता येत नाही. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ स्प्रिंकलर मिळवून देतो. अशा घरात अख्ख्या वास्तूला नसले, तरी झोपायची खोली, स्वयंपाकघर आणि बाहेर पडायची वाट एवढ्याला स्प्रिंकलर बसवण्याचा विचार मुले करतात. ते मानकाप्रमाणे पूर्ण संरक्षण नव्हे, हे त्यांना लेखी सांगा.

डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत २५ जणांचा जीव गेला. ती व्यावसायिक जागा होती, तिचे प्रश्न वेगळे. त्या आगीचे फोटो दाखवून घरमालकाला घाबरवायचे आणि काम मिळवायचे, हे करू नका.

शिक्षण किती हवे?

फिटिंगसाठी दहावी आणि हातात पाना धरलेला अनुभव पुरतो. आयटीआयचा प्लंबर, फिटर किंवा वेल्डर ट्रेड झाला असेल तर अर्धी वाट सरलेली आहे. डिझाइनला गणिताची भीती नसावी, नकाशा वाचता यावा. ड्राफ्ट्समन सिव्हिल झालेली मुले यात फार लवकर तयार होतात, कारण छत, तुळई आणि उंचीचा छेद त्यांना आपोआप दिसतो. डिप्लोमा किंवा पदवीवाल्यांना हिशेब सोपा जातो, पण साइटवरचा अनुभव घ्यावाच लागतो.

मुली या कामात येतात का?

डिझाइन, तपासणी आणि देखभालीत सहज. फिटिंगमध्येही अडचण नाही; १ इंची सीपीव्हीसी (एक प्रकारचे प्लास्टिक) पाईप काही जड नसतो. शिडीवर चढण्याची सवय हवी, ती मुलांनाही लावूनच घ्यावी लागते.

गोव्यात शिकायचे कुठे?

‘घरगुती स्प्रिंकलर’ नावाचा वेगळा ट्रेड आयटीआयमध्ये नाही. त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी शिकावे लागते. पाया आयटीआयमध्ये घाला. पणजी, म्हापसा, मडगाव, फर्मागुढी, डिचोली, काणकोण इथे सरकारी संस्था आहेत. त्यानंतर एखाद्या फायर कंत्राटदाराकडे उमेदवारी करा. पाईप आणि हेड बनवणाऱ्या कंपन्या डीलरमार्फत जोडणीचे छोटे प्रशिक्षण देतात. सीपीव्हीसीचे तर ते घेतल्याशिवाय हात लावू नये. अग्निशास्त्राचे पूर्ण शिक्षण हवे असेल तर नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. ते १९५६ पासून चालते आणि तिथे फायर इंजिनिअरिंगची पदवी मिळते. मराठी मुलाला नागपूर परकेही वाटत नाही.

खासगी वर्ग निवडताना एकच गोष्ट बघा. तिथे पाणी भरून, दाब चढवून, प्रत्यक्ष हेड फोडून दाखवतात का? नुसत्या स्लाइड दाखवून प्रमाणपत्र वाटणाऱ्या वर्गाला पैसे देण्यापेक्षा साइटवर मदतनीस म्हणून जा.

डिझाइन शिकायचे म्हणजे नेमके काय?

घर वाचायला शिकायचे. नकाशावर खोली चौकोनी असते. प्रत्यक्षात तिच्यात तुळई उतरलेली असते, पीओपीची नक्षी असते, पोटमाळा असतो आणि छताच्या मधोमध पंखा असतो. अमेरिकी पुस्तकात पंखा एखाद्या परिच्छेदात येतो, आपल्याकडे तो प्रत्येक खोलीत येतो. खाली तोंड असलेले हेड पंख्यापासून किमान ०.९ मीटर आणि भिंतीतले आडवे हेड १.५ मीटर दूर ठेवायचे असते. म्हणून सर्वांत आधी नकाशावर पंखे आणि दिवे टाका, हेड नंतर. उलटे केले की इलेक्ट्रिशियनशी भांडण ठरलेले.

मग हेडमधली अंतरे येतात. दोन हेड २.४ मीटरपेक्षा जवळ नकोत. जवळ असले तर पहिल्याचे पाणी दुसऱ्याला थंड करते आणि दुसरे उघडतच नाही. जास्तीत जास्त अंतर त्या मॉडेलच्या डेटाशीटवर दिलेले असते, भिंतीपासूनचे त्याच्या निम्मे. खाली तोंड असलेल्या हेडची पाणी पसरवणारी चकती छतापासून साधारण २५ ते १०० मिलिमीटरच्या पट्ट्यात हवी. जास्त खाली आली तर गरम हवा वरच्या वर निघून जाते आणि हेड उशिरा उघडते.

१३डी प्रमाणे सुमारे ५ चौरस मीटरपर्यंतची न्हाणीघरे, २.२ चौरस मीटरपर्यंतची कपडे ठेवायची कोठी, गाडीचे शेड आणि उघडे व्हरांडे यांना सूट मिळते. देवघराला सूट नाही! ते अमेरिकी यादीत असण्याचा प्रश्नच नाही, पण समई, निरांजन, उदबत्ती आणि लाकडी देव्हारा एकत्र असलेली जागा आकाराने कोठीएवढी आहे म्हणून सोडून देणे मला पटत नाही. स्वयंपाकघरात शेगडीच्या डोक्यावर हेड टाकू नका. साध्या तापमानाचे हेड शेगडीपासून किमान ४५ सेंटीमीटर बाजूला घ्या.

आणि तापमान. काचेच्या नळीतल्या द्रवाचा रंग ते सांगतो: नारिंगी ५७ अंश, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३, निळा १४१. छताजवळचे तापमान ३८ अंशांच्या आत राहत असेल तिथे नारिंगी किंवा लाल चालते. गच्चीवर पत्र्याचे छप्पर घालून खाली खोली काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मे महिन्यात त्या पत्र्याखाली हात लावून बघा. तिथे पिवळा किंवा हिरवाच हवा.

छपरावरच्या टाकीचे पाणी पुरेल का?

पाणी पुरेल, दाब पुरणार नाही. सगळे प्रशिक्षण या एका वाक्यापाशी येऊन थांबते, म्हणून हिशेब सावकाश करू.

समजा, हॉलमध्ये दोन हेड आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला ४.९ × ४.९ मीटर, म्हणजे २४ चौरस मीटर येतात. चौरस मीटरला २.०४ लिटरने एका हेडला मिनिटाला ४९ लिटर. दोघांचे ९८. दहा मिनिटांचे ९८० लिटर. म्हणजे गोव्यात जवळजवळ प्रत्येक घरावर दिसणारी हजार लिटरची काळी टाकी. मात्र ते हजार लिटर राखीव हवेत. सकाळी आंघोळी आणि वॉशिंग मशीन झाल्यावर उरलेले पाणी हिशेबात धरता येत नाही. सोपा उपाय असा, की २००० लिटरची टाकी घ्या, घरवापराचा नळ अर्ध्या उंचीवरून काढा आणि स्प्रिंकलरचा तळातून. घर कोरडे पडले तरी खालचे पाणी शिल्लक राहते.

आता दाब. हेडमधून किती पाणी येईल हे त्याच्या के-फॅक्टरवर ठरते: प्रवाह म्हणजे के गुणिले दाबाचे वर्गमूळ. घरगुती हेडचा एक नेहमीचा के-फॅक्टर मेट्रिकमध्ये सुमारे ७१ असतो. ४९ भागिले ७१, त्याचा वर्ग, म्हणजे साधारण ०.४८ बार. पाण्याच्या उंचीत जवळजवळ ५ मीटर. हा दाब शेवटच्या हेडच्या तोंडाशी हवा, वाटेतले नुकसान वजा जाता. गच्चीवरच्या टाकीचा तळ वरच्या मजल्याच्या छतापासून जेमतेम एक-दीड मीटर उंच असतो. तळमजल्यालाही साडेचार मीटरच्या आसपासच मिळतात.

वाटेतले नुकसान किती? पाईपातल्या घर्षणाने जाणारा दाब काढायचे हेझन-विल्यम्सचे सूत्र लावा. सीपीव्हीसीसाठी सी (पाईपच्या गुळगुळीतपणाचा आकडा) १५०, मिनिटाला ९८ लिटर आणि १ इंची पाईप असेल तर दर मीटरला ०.०२५ बार जातो, म्हणजे २० मीटरला अर्धा बार. पाऊण इंची पाईप घातला तर त्याच २० मीटरला दीड बार जातो. एक माप खाली उतरल्यावर नुकसान तिप्पट. ‘पाऊण इंची चालतो हो, सगळीकडे तोच घालतो’ असे म्हणणाऱ्या मिस्त्रीला हा आकडा काढून दाखवा. एल्बो आणि टी यांचे नुकसान वेगळे धरायचे.

सगळे जमवले की अशा घराला मिनिटाला १०० लिटर पाणी १५ मीटर उंची देईल असा पंप लागतो. तो साधारण १ अश्वशक्तीचा असतो. पंपाच्या पेटीवरचे ‘कमाल हेड ३० मीटर’ (इथे हेड म्हणजे पाणी चढवण्याची उंची) वाचून खरेदी करू नका. १०० लिटरवर तो किती उंची देतो, हे त्याच्या आलेखावर पाहा.

नळाच्या पाण्यावर थेट भरवसा ठेवू नये. ते ठरावीक वेळी येते आणि दाब रोज वेगळा असतो. विहिरीचे पाणी चालते, पण आपल्या चिऱ्याच्या जमिनीतल्या पाण्यात लोह असते. गाळणी आणि वर्षातून एकदा पाईप धुणे आलेच.

आगीत वीज गेली, किंवा पावसाळ्यात आधीच गेलेली असेल तर?

रास्त प्रश्न. दिव्या-पंख्यांचा इन्व्हर्टर पंपाची मोटर उचलेल असे नाही. मोटर सुरू होताना खेचला जाणारा करंट धरून तो मोठा घ्यावा लागतो, आणि पंपाची वायर घराच्या मेनस्विचच्या आधी वेगळी काढावी लागते.

घर डोंगराच्या उतारावर असेल तर मात्र बघा. वरच्या अंगाला, सर्वांत वरच्या हेडच्या १२–१५ मीटर उंचीवर जागा असेल तर तिथे टाकी बांधा. पंप नाही, वीज नाही, देखभाल जवळजवळ शून्य. गोव्यात अशी घरे काही कमी नाहीत, आणि तरी हा पर्याय क्वचितच कोणी सुचवतो.

पाईप कोणता? लोखंडी की सीपीव्हीसी?

घरासाठी बहुतेक वेळा फायरचा सीपीव्हीसी. तो नारिंगी रंगाचा असतो. नळाच्या गरम पाण्यासाठीचा फिकट पिवळसर पाईप हा नव्हे. दिसायला भाऊ असले तरी फायरच्या पाईपची चाचणी वेगळी आणि दाबक्षमता ६६ अंशांना १२ बार असते. तो गंजत नाही, आतून गुळगुळीत राहतो आणि घरात वेल्डिंगची ठिणगी उडत नाही. लाकडी छताच्या घरात हा शेवटचा मुद्दा लहान नाही.

पण त्याचे नखरे आहेत आणि शिकणाऱ्याचा बहुतेक वेळ तिथेच जातो. पाईप उघडा ठेवण्यावर मर्यादा असतात, एरवी तो छताच्या आड हवा. उन्हात टाकून ठेवायचा नाही. कापल्यावर कडा साफ करायच्या, सॉल्व्हंट सिमेंट लावून पाव वळसा देत आत ढकलायचा आणि धरून ठेवायचा. वाळायला किती वेळ, ते पाईपचा व्यास, हवा आणि चाचणीचा दाब यावर ठरते. कंपनीचा तक्ता बघा. जूनमधल्या दमट हवेत मार्चचा वेळ लावू नका. हेडच्या जोडाजवळ सिमेंट जास्त लावले तर ते ओघळून हेडच्या तोंडात जाते आणि तिथेच सुकते. म्हणून आधी जोड वाळू द्यायचे, मग हेड बसवायचे. हवेच्या दाबाने चाचणी कधीही नाही. प्लास्टिक पाईप हवेने फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात. आणखी एक, जे गोव्यात विसरून चालणार नाही: वाळवीसाठी फवारतात त्या तेलयुक्त औषधांनी सीपीव्हीसी ठिसूळ होऊ शकतो. वाळवीवाला आधी येऊन जाऊ दे.

लोखंडी पाईप घ्यायचाच असेल, उघडा दिसणार असेल किंवा गाडीच्या शेडमध्ये असेल, तर जाड वर्गाचा घ्या. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरात आटे पाडलेल्या जागेवरचे जस्त निघालेले असते आणि गंज तिथूनच सुरू होतो. तिथे रंगाचा हात लगेच द्यावा.

जुन्या कौलारू घरात बसवता येतात का?

येतात, पण हे काम नवशिक्याने एकट्याने घेऊ नये. मंगळूरी कौलांखाली छत नसेल तर गरम हवा फटींतून बाहेर पडते आणि हेड वेळेवर तापत नाही. लाकडी किंवा जिप्समचे छत असलेल्या खोल्यांतच हिशेब बसतो. छत उतरते असेल तर किती उतारापर्यंत ते मॉडेल चालते, ते डेटाशीटवर बघावे लागते.

पाईप नेण्याची वाट शोधणे हीच खरी कला. राजांगणाच्या (मधल्या उघड्या अंगणाच्या) भोवतालच्या घरात ओसरीच्या वाशांच्या आडून मुख्य पाईप फिरवता येतो आणि प्रत्येक खोलीत भिंतीतून एकेक आडवे हेड काढता येते. खोलीचे कोरीव छत शाबूत राहते. चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडताना हातोडा-छिन्नी नको, कोअर कटिंग मशीन वापरा. जुन्या मातीच्या सांध्यातला चिरा हातोड्याने हलतो. भोकात स्लीव्ह, म्हणजे पाईपभोवतीची मोठी नळी, घाला. आणि पाईपचे वजन कुजलेल्या वाशावर टांगू नका. आधी सुताराकडून वासे ठोकून बघा.

एक हेड फुटले की सगळीकडे पाणी होते ना?

नाही. ते सिनेमात होते. प्रत्येक हेड आपापल्या उष्णतेने उघडते, धुराने नाही. माशाच्या फोडणीने, उदबत्तीने किंवा सिगारेटने उघडत नाही.

मग स्मोक अलार्म नको?

हवाच. धुमसणाऱ्या आगीत धूर आधी येतो, उष्णता नंतर.

साइटवर सर्वांत जास्त काय चुकते?

रंगारी. हेडवर रंग बसला की ते बदलायचे, पुसायचे नाही. छतात लपणाऱ्या हेडचे झाकण साधारणपणे ५७ अंशांना सुटून पडते. त्याच्या कडेला रंग किंवा पुट्टी भरली की ते चिकटून राहते. रंग कंपनीतूनच मागवायचा असतो. नळीवरची प्लास्टिकची टोपी काढायची विसरते. काही जण ती रंगाऱ्याच्या आधीच काढतात, तेही चूकच. हेड पाईप रेंचने आवळले जाते, नळीला न दिसणारा तडा जातो आणि सहा महिन्यांनी मध्यरात्री पाणी सुटते. हेडसाठी कंपनीचाच पाना वापरा.

घर ताब्यात दिल्यावर पुढचे घरातल्यांच्या हाती असते. चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-भाज्यांची सजावट) बांधताना लोक छतात जो आधार दिसेल त्याला दोरी बांधतात. नारळ, सुपारीची कातरे, भोपळा, काकड्या यांचे वजन पाईपच्या हँगरवर आले तर जोड निखळेल, आणि माटोळी हेडच्या खाली आली तर फवारा अडेल. म्हणून गणपतीच्या खोलीचे डिझाइन करताना माटोळीची जागा घरच्यांना विचारा आणि तिच्यासाठी चार पक्के हूक तुम्हीच मारून द्या.

चाचणी कशी करतात?

आधी पाईप पाण्याने धुऊन घ्या, मग हवा काढत सावकाश भरा. एनएफपीए १३ च्या कामात १३.८ बार दाब दोन तास धरतात. अग्निशमन दलाची जोडणी नसलेल्या १३डी घरात नेहमीच्या चालू दाबावर गळती तपासली तरी भागते. मी मात्र छत बंद होण्याआधी जास्त दाब देऊन घेण्याच्या मताचा आहे. पीओपी फोडून जोड शोधणे कोणालाच परवडत नाही. शेवटी सर्वांत लांबच्या टोकाशी चाचणीचा नळ उघडून बादली आणि घड्याळ घ्या. कागदावर मिनिटाला ४९ लिटर लिहिले असेल तर बादलीतही तेवढे यायला हवे.

पाईपात पाणी साचून वास येत नाही का?

येतो. पिण्याच्या पाण्यात ते परत येऊ नये म्हणून चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने पाणी जाऊ देणारी झडप, लागतो. दुसरा मार्ग म्हणजे पाईपाच्या शेवटी संडासाची टाकी जोडणे; फ्लश केला की पाणी हलते. १३डी मध्ये घराचे नळ आणि स्प्रिंकलर एकाच पाईपावर चालवायची परवानगी आहे, पण मग पाईपही पिण्याच्या पाण्याला योग्य हवा आणि हिशेब अधिक काटेकोर लागतो.

हे शिकून परदेशात जाता येते का?

गोव्यातल्या मुलांचा खरा प्रश्न बहुतेक हाच असतो. आखातात एनएफपीए मोठ्या प्रमाणावर चालते, म्हणून त्याचे ज्ञान आणि नकाशा वाचायची सवय यांना किंमत आहे. अमिरातीची स्वतःची अग्निसुरक्षा संहिता आहे, जाण्याआधी ती चाळा. अमेरिकेत स्प्रिंकलर फिटरची उमेदवारी पाच वर्षांपर्यंत चालते आणि डिझाइनवाल्यांसाठी नायसेट या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या ‘वॉटर-बेस्ड सिस्टिम्स लेआउट’ या चढत्या पायऱ्यांच्या परीक्षा आहेत. घरगुती कामाची मागणी जिथे कायदा आहे तिथे: कॅलिफोर्नियात नव्या घरांना १ जानेवारी २०११ पासून, वेल्समध्ये २०१६ पासून स्प्रिंकलर सक्तीचे आहेत. पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला स्थायिक झालेल्या गोवेकरांच्या ओळखी असतील तर बीएस ९२५१ वाचायला सुरुवात करा.

बोटीवर काम केलेल्या तारवट्यांना एक आडवाट आहे. प्रवासी जहाजांवर स्प्रिंकलर असतातच. इंजिन रूममध्ये किंवा देखभाल विभागात ज्यांनी ती व्यवस्था हाताळली आहे, त्यांना परत आल्यावर घरगुती काम शिकायला फार वेळ लागत नाही.

काम संपल्यावर घरमालकाला काय द्यायचे?

प्रत्यक्ष जसे बसले तसा नकाशा, पाण्याचा हिशेब, चाचणीचा कागद आणि व्हॉल्व्हवर मराठीत चिकटवलेली पाटी: ‘हा बंद करू नये’. व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे आणि आग विझल्यावर तो कसा बंद करायचा, हे घरातल्या दोघांना तरी हाताने करायला लावा. कामवाल्या बाईलाही, कारण दिवसा घरात तीच असते. हेड उघडले तरी १०१ ला फोन करायचाच, हेही सांगा. आणि दोन जादा हेड व त्यांचा पाना एका डब्यात घालून पंपाशेजारी खिळ्याला टांगून ठेवा.